सरकारमान्य थालीपीठ

न्यूझीलंडमध्ये टंचाई येते ती वर्षाला साडेतीन दिवस, आणि तीही कायद्याने. दुकानांच्या वेळा ठरवणाऱ्या १९९०च्या कायद्यानुसार गुड फ्रायडे, ईस्टरचा रविवार आणि ख्रिसमस असे तीन दिवस पूर्ण, आणि २५ एप्रिलला अँझॅक डेच्या दिवशी दुपारी एकपर्यंत, बहुतेक दुकानं बंद. ईस्टरला शुक्रवारी बंद, शनिवारी उघडी, रविवारी बंद, सोमवारी उघडी. म्हणजे सलग बंदी एका दिवसाची. पण गुरुवारी संध्याकाळी ऑकलंडच्या सुपरमार्केटात डोकावून पाहा. पानशेतचं धरण पुन्हा फुटल्याची बातमी आल्यासारखी माणसं बटाट्यांवर तुटून पडलेली असतात. त्यात आपली मंडळी आघाडीवर. घरात आधीच एक भोपळा असताना दुसरा उचलायचं कारण विचारलं, तर उत्तर ठरलेलं: "बंद आहे ना उद्या!"

या कायद्याची बुद्धी अगाध आहे. रविवारी सार्वजनिक सुट्टी नाही, तरी दुकानं बंद. सोमवारी सार्वजनिक सुट्टी आहे, तरी दुकानं उघडी. रविवारी सुपरमार्केटला कोबी विकता येत नाही, रोपवाटिकेला मात्र कोबीचं रोप विकायला मुभा आहे. रविवारच्या जेवणाला कोबी हवा असेल तर रोप लावा आणि हिवाळ्यापर्यंत पाहुण्यांना थांबवून ठेवा.

पाहुणे थांबत नाहीत. ते येतात आणि येताना 'काहीतरी' घेऊन येतात. भाज्या चिरून, तेल चोळून ओव्हनमध्ये ढकलायला फारसं कौशल्य लागत नाही, म्हणून प्रत्येकाचं 'काहीतरी' एकच निघतं: भाजलेला कुमारा, भोपळा, बटाटे, पार्सनिप. टेबलाच्या मधोमध मेंढीची तंगडी आणि तिच्याभोवती डार्गाव्हिलकडचा लालसर कुमारा. भारतातून आलेल्या सासूबाई तो हातात घेऊन निरखतात आणि निकाल देतात, "अगं, हे तर रताळं! उपासाला चालेल."

मग निघताना डब्यांचं राजकारण. आपल्याकडे कुणाचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्यामुळे जोश्यांचा भोपळा पाटलांकडे जातो, पाटलांचा कुमारा कुलकर्ण्यांकडे, आणि सगळ्यांचे पार्सनिप यजमानांकडेच राहतात.

सोमवारी सकाळी हे सगळं फ्रिज उघडताच समोर येतं. पंचांगात चैत्र, वसंत ऋतू, खिडकीबाहेर पानगळ. घड्याळं एप्रिलच्या पहिल्या रविवारी तासभर मागे सरकतात, तेव्हापासून संध्याकाळही लवकर होते. इथली जुनी लाकडी घरं अशी गार, की हीटर लावण्यापेक्षा तवा तापवणं परवडतं. अशा वेळी घरातले साहेब फ्रिजमध्ये वाकून विचारतात, "हे कालचंच का?" नाक मुरडतात आणि कुटुंबाला घेऊन कॅफेत जातात. तिथे उरलेल्याच भाज्या कुस्करून, तव्यावर खरपूस करून, वर एक अंडं ठेवून वीसेक डॉलरला मिळतात. सुट्टीचा दिवस म्हणून बिलावर बऱ्याच ठिकाणी १५ टक्के अधिभार. साहेब फोटो काढतात आणि अन्न वाया न घालवण्यावर मुलांना चार शब्द सुनावतात. घरातलं ते शिळं, कॅफेतलं ते पर्यावरणप्रेम. मधला फरक बिलात छापलेला असतो.

ज्यांना हे बिल परवडत नाही, त्यांच्यासाठी याच उरलेल्या भाज्यांच्या थालीपिठाची कृती. भाजलेल्या भाज्यांवरच्या रोझमेरीच्या काड्या वेचून टाका. भाज्या हाताने कुस्करा. कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर, तीळ, तिखट, हळद, मीठ आणि मावेल तेवढी भाजणी घाला. भोपळ्याचं पाणी सुटतं, म्हणून वेगळं पाणी जपून. ओल्या फडक्यावर थापा, मधे भोक पाडा, तेल सोडा, झाकण ठेवा. भाजणी आईने दिलेली असेल तर विमानतळावरच्या फॉर्ममध्ये खरं लिहा. लपवलेलं सापडलं तर जागेवर ४०० डॉलर दंड आहे आणि इतकं महाग थालीपीठ कॅफेतही मिळत नाही. वर लोण्याचा गोळा हवाच. मात्र जगाला लोणी पुरवणाऱ्या या देशात २०२५ मध्ये लोण्याचा अर्धा किलोचा ठोकळा आठ डॉलरच्या वर गेला होता, तेव्हा गोळा सुपारीएवढाच घ्या.

दुकानं ईस्टरलाही उघडी ठेवावीत, अशी मागणी अधूनमधून होत असते. २०१६ साली कायद्यात बदल होऊन ईस्टरच्या रविवारपुरता निर्णय स्थानिक परिषदांवर सोपवला गेला. मराठी मतदारांना आमची कळकळीची विनंती आहे: असल्या मागणीवर सही करू नका. बंदी गेली की गुरुवारची घबराट जाईल, घबराट गेली की दुसरा भोपळा जाईल, आणि सोमवारी सकाळी अख्खं कुटुंब मुकाट्याने दुधात भिजलेले वीट-बिक्स खात बसेल.