फडताळातली बाटली

ऐकलंत का? आमच्या धाकट्या जाऊबाईंच्या स्वयंपाकघरात व्होडकाची बाटली सापडली! फडताळात, कोकमाच्या आगळाला अगदी खेटून. सासूबाईंनी जाब विचारला, तर म्हणतात कशा, "आई, ती प्यायची नाहीये. त्यात व्हॅनिला मुरतोय."

मुरतोय! मुरांबा मुरतो, लोणचं मुरतं, हे माहीत होतं. इथे बाटलीत पाच काळ्या शेंगा उभ्या आणि सहा महिने झाकणाला हात लावायचा नाही. झालं की तो अर्क. दुकानातला इसेन्स आता त्यांना चालत नाही.

शेंग म्हणाल, तर करंगळीहून बारीक, सुरकुतलेली आणि तेलकट. कामाच्या मावशींनी परवा एक "वहिनी, ही गवार वाळून गेलीय" म्हणत कचऱ्यात टाकली. जाऊबाईंनी कांद्याच्या सालांतून ती हुडकून काढली आणि पुसली. धुतली नाही हं, वास जातो म्हणे!

किंमत विचारू नका. दोन शेंगांच्या पैशात घरादाराला पापलेटं झाली असती. मी "लूट आहे नुसती" म्हटलं मात्र, बाईंनी पुराणच लावलं. हे म्हणे ऑर्किड. फूल उमलतं एकच दिवस, आणि मूळच्या मेक्सिकोबाहेर त्याचं परागीभवन हातानेच करावं लागतं. ती युक्ती 1841 साली रेयुनियों बेटावर एडमंड अल्बियस नावाच्या बारा वर्षांच्या गुलाम मुलाला सापडली. एक काडी आणि अंगठा, बस्स. आजही मादागास्करपासून केरळपर्यंत तसंच चालतं. मग शेंग वेलीवर नऊ महिने. (अहो, हे तर बाळंतपणच!) तरी हिरव्या शेंगेला वास नाहीच. गरम पाण्यात बुडवा, कांबळ्यात गुंडाळून घाम काढा, उन्हात घाला, पुन्हा गुंडाळा. पाच-सहा किलोंची एक किलो होते. 2017 साली मादागास्करला वादळ झालं आणि भाव चांदीच्या पंगतीला जाऊन बसला.

मग आपण आजवर खाल्लं ते काय? व्हॅनिलिन! 1874 साली ते पाइनच्या झाडातल्या द्रव्यापासून बनवलं, आता बहुतेक पेट्रोलियमच्या कृपेने बनतं. पोरांचे सगळे वाढदिवस त्याच्यावर निभावले की!

बरं, शेंग उभी चिरून सुरीच्या पाठीने आतला काळा गर खरवडायचा. तो बासुंदीत घातला आणि मामंजींनी वाटीत निरखून विचारलं, "मुंग्या?" ते ठिपके म्हणजेच तर मिरवायची गोष्ट! खरं सांगू, केशर-वेलचीपुढे ती शेंग गप्प बसते, पैसे पाण्यात. पण वेलची न घालता केलेल्या शेवयांच्या खिरीत... जाऊबाईंना सांगू नका, मी दोनदा वाटी पुढे केली.

उरलेली साल साखरेच्या डब्यात खुपसलीय. ती साखर चहात पडली आणि मामंजी सकाळी ओरडले, "आज चहात आइस्क्रीम ओतलंय का?" सासूबाई मात्र परवा हळूच विचारत होत्या, सहा महिने नेमके कधी भरतात. बाटलीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात चिठ्ठीही डकवलीय: 'गुडघ्याचं तेल'.