हवा धरली

माझ्या विमानाला अजून चाकं नाहीत, पंख नाहीत, शेपूट नाही. झाली आहे ती फक्त पेट्रोलची पाइपलाइन, आणि तीही एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर. कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत चारकोपला गच्चीवर सहा आसनांचं विमान बांधलं आणि २०१६ साली ते 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात नेऊन उभं केलं, तेव्हापासून मला हा ताप आहे. आमच्या नगरच्या गच्चीवर मात्र पाण्याची टाकी, सोलर आणि बायकोच्या कुरडया. मे महिन्यात तिथे मलाच उतरायला परवानगी मिळत नाही, विमानाला कुठून मिळणार?

ज्यांना हा ताप नाही त्यांच्यासाठी सांगतो. पंख वरच्या बाजूला असले की टाक्या वर, इंजिन खाली, आणि पेट्रोल आपलं आपण उतरतं. म्हणजे लुनाच. १९७२ मध्ये आलेली कायनेटिकची लुना नगरकरांना घरची, कारखाना इथलाच. वर टाकी, खाली कार्बोरेटर, मधे एक कॉक. बंद पडली तर तिरकी करायची, हलवायची, पुढच्या पंपापर्यंत यायची.

मला मात्र पंख खाली हवेत. रुबाबदार दिसतात, याहून चांगलं कारण माझ्याजवळ नाही. मग टाक्या खाली गेल्या आणि इंजिन वर राहिलं. शिवाय कार्बोरेटर नको, इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन हवं. त्याला पेट्रोल साधारण तीन बार दाबाने द्यावं लागतं. तेवढ्या दाबाने विहिरीचं पाणी शंभर फूट चढेल.

विहीर शब्द मनात आला आणि मी पत्रिका घेऊन पारनेर तालुक्यात मामांकडे गेलो. मामा सातवी शिकलेत, पण चाळीस वर्षं खालचं पाणी वर चढवतायत.

मामांनी पत्रिका उलटीसुलटी केली. "कोणाचं लगीन हाय?"

"लग्न झालं मामा. मागची बाजू बघा."

बराच वेळ बघितल्यावर त्यांचं काळं, ग्रीस लागलेलं बोट पंपावर थांबलं. "मोटार वर ठिवली व्हय? आन् पेट्रोल खाली. हवा धरंल."

मी गप्प झालो. पेट्रोलमधला हलका भाग चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतो, आणि तेवढं आमच्याकडे मे महिन्यात सावलीत असतं. इंजिनाच्या झाकणाखाली तर विचारूच नका. त्यात पंपाने लांबून ओढायचं म्हटलं की ओढीच्या नळीतला दाब उतरतो आणि पेट्रोल आणखी लवकर उकळतं. नळीत बुडबुडे होतात, पंप नुसता गरगरतो, इंजिन उपाशी. हे समजायला मला तीन पुस्तकं लागली होती.

"मोटार खाली घे, टाकीपाशी. वढायचं थोडं, ढकलायचं जास्त. आन् फुटबॉल कुढंय?" फुटबॉल म्हणजे फूटव्हॉल्व्ह. तो मी विसरलो होतो.

टाक्या दोन, उजवी आणि डावी. मी दोन्हींतून एकदम ओढायचं ठरवलं होतं. ते किती खुळचट आहे हे मला परतताना रसवंतीवर कळलं. (रसवंतीचं नाव कानिफनाथ. पाथर्डी तालुक्यात मढीला कानिफनाथांची समाधी आहे, पण नाथांच्या नावाची रसवंती जाल तिथे भेटते.) दोन ग्लास, दोन नळ्या, दोन्ही एकदम तोंडात. एक ग्लास रिकामा झाला आणि दुसरा अर्धा भरलेला असताना तोंडात फक्त हवा यायला लागली. रसवाल्याने मला आणखी बर्फ घालू का विचारलं. असो. 'दोन्ही' ही खूणच कॉकवरून काढून टाकली. आता एका वेळी एकच टाकी, मामांच्या सामाईक विहिरीवर भावांची पाळी असते तशी.

पाळीवरून पुढचं भांडण निघालं. पंप ताशी शंभरावर लिटर ढकलतो, इंजिन त्यातलं पंचवीसएक लिटर पितं, उरलेलं परत टाकीत. मी परतीची नळी सरळ डाव्या टाकीला जोडली होती. पुढच्या खेपेला मामांनी कागद बघून विचारलं, "पाळी उजव्याची आन् पाणी डाव्याच्या रानात? तुंबल्यावर?"

तुंबल्यावर ते हवेच्या भोकातून आकाशात सांडतं. पायलट तिकडे पेट्रोल गेलं कुठे म्हणून हिशेब करत बसतो. म्हणून दुहेरी कॉक हवा: ओढ उजवीतून तर परतही उजवीतच. मामांच्या घरात हा न्याय लागायला दोन पंचायती झाल्या होत्या.

हवेच्या भोकाचं मात्र मला ठाऊक होतं. तेलाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर तेल भकभक करत अडतं, म्हणून आपण दुसरं पाडतोच. फक्त त्यात कुंभारमाशी चिखलाचं घर बांधते, तेवढं उडण्याआधी बघायचं. पंपावरचं पेट्रोलही नको. आमच्या जिल्ह्याच्या साखर कारखान्यांवर माझा राग नाही, पण त्यात आता वीस टक्के इथेनॉल असतं, आणि इथेनॉलला पाण्याची फार ओढ.

सगळं नीट झालं असं वाटत असताना मामांनी चहाची बशी खाली ठेवली.

"लाईट गेली तर?"

पंप विजेवर. इंजेक्शन विजेवर. ते सांभाळणारा संगणकही विजेवर. लुनाला बॅटरीची गरज नव्हती. माझं विमान विजेवाचून दगड होतं.

"हितं लाईट गेली तर मी डीपीपाशी जातो," मामा म्हणाले. "तू कुढं जानार?"

रात्रभर बसून दुसरा पंप काढला, त्याची वायर वेगळी, फ्यूज वेगळा आणि बॅटरीसुद्धा वेगळी. बॅटरीला जागा मात्र कुठेच सापडेना. शेवटी ती मागच्या सीटवर ठेवली. पहिल्या दिवसापासून ती सीट मामांची होती, हे त्यांनाही माहीत होतं.

रविवारी भीत भीत कागद पुढे केला. मामांनी सगळ्या नळ्यांवरून बोट फिरवत नेलं, मागच्या सीटपाशी आले, चौकोन बघितला.

"बॅटरी व्हय ही?"

"हो मामा. दुसरी जागाच नाही."

मामांनी पहिल्यांदाच मोकळा श्वास सोडला. "ऱ्हाऊ दे," म्हणाले, "जड बघून घे."