अभ्यासक्रम कंपनीच्या हाती नको

संगणक नेटवर्क शिकवायला विद्यापीठाने कंपनीचा हात धरावा का? जरूर धरावा. अभ्यासक्रम मात्र तिच्या हाती देऊ नये.

हात धरावा, कारण नेटवर्क नुसतं वाचून येत नाही. नेटवर्कच्या ओएसआय मॉडेलचे सात थर पाठ करून पेपर सुटतो. बंद पडलेली लिंक सुरू होत नाही. त्यासाठी राउटर स्वतः कॉन्फिगर करावा लागतो, बिघडवावा लागतो, पुन्हा उभा करावा लागतो. एकाच राउटरभोवती अख्खी बॅच उभी असेल, तर दोघे-तिघे काम करतात आणि बाकीचे जर्नल उतरवतात.

राउटर बनवणाऱ्या सिस्को कंपनीची नेटवर्किंग अकॅडमी १९९७ साली सुरू झाली ती अशाच अडचणीतून. अमेरिकेतल्या शाळांना नेटवर्कची उपकरणं मिळाली होती, पण ती सांभाळणारं कुणी नव्हतं. म्हणून कंपनीचे अभियंते जॉर्ज वॉर्ड यांनी तिथल्या शिक्षकांना आणि मुलांना शिकवायला घेतलं. याच अकॅडमीचं पॅकेट ट्रेसर हे नेटवर्कची नक्कल करणारं सॉफ्टवेअर आज नाव नोंदवलं की फुकट मिळतं. तालुक्याच्या कॉलेजातली मुलगीही साध्या संगणकावर दहा राउटरचं जाळं उभारून, मोडून पाहू शकते. हे मोठं काम आहे.

आता दुसरी बाजू. कुठला इंटरफेस चालू आहे, हे सिस्कोच्या राउटरला विचारायचं तर ‘शो आयपी इंटरफेस ब्रीफ’. जुनिपर या दुसऱ्या कंपनीच्या राउटरला विचारायचं तर ‘शो इंटरफेसेस टर्स’. प्रश्न एकच, कमांड वेगळ्या. ज्याला फक्त पहिली कमांड घोकवली, तो दुसऱ्या यंत्रापुढे अडतो. पॅकेट एका जाळ्यातून दुसऱ्यात कसं जातं हे ज्याला उमगलं, तो नवी कमांड शोधून काढतो. सिस्कोच्या सीसीएनए प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षं. इंटरनेट ज्यावर चालतं त्या आयपी प्रोटोकॉलच्या चौथ्या आवृत्तीचं मानक १९८१चं, आणि ते आजही चालतं. पदवीचा भर कशावर असावा, हे यावरून ठरवावं.

विद्यापीठांनी स्वतःला लहानही समजू नये. सिस्को ज्या राउटरवर उभी राहिली, त्याचं सॉफ्टवेअर स्टॅनफर्ड विद्यापीठात घडलं होतं. १९८७ साली कंपनीने त्याचा परवाना घेतला. आपल्याकडे १९८६ साली अर्नेट या शिक्षण-संशोधन संस्थांच्या नेटवर्कचं काम सुरू झालं, तेव्हा ते आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतलं एनसीएसटी (नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी) अशा संस्थांनी अंगावर घेतलं. देशात इंटरनेटची वाट शिक्षण-संशोधन संस्थांनी घातली.

तेव्हा कंपनीशी सामंजस्य करारावर सही करण्याआधी अभ्यास मंडळांनी चार अटी घालाव्यात. परीक्षा खुल्या मानकांवर व्हावी, एका कंपनीच्या कमांडवर नव्हे. लॅबमध्ये निदान आणखी एका बनावटीचं उपकरण किंवा मुक्त सॉफ्टवेअर असावं. प्रशिक्षण आधी शिक्षकांना मिळावं, आणि त्या काळात त्यांच्यावर तासांचा बोजा नसावा. कंपनीच्या परीक्षेची फी भरल्याशिवाय पदवीचे गुण मिळणार नाहीत, अशी वेळ कुठल्याही विद्यार्थ्यावर येऊ नये.

या अटी मान्य करणारी कंपनी खरी भागीदार. ज्या कंपनीला त्या नको असतील, तिला विद्यार्थी नकोत, गिऱ्हाईक हवं आहे. तिच्या करारावर कुलगुरूंनी सही करू नये.