हौद्यात काय भरणार, ते आधी सांगा

नवी पिकअप दारात आली की नारळ फुटतो, बॉनेटवर झेंडूची माळ चढते, काचेवर ‘आई महालक्ष्मी’ लिहून होते. आणि महिना उलटायच्या आत गाडी महामार्गावरच्या एखाद्या टायरवाल्याकडे उभी असते. कंपनीच्या लोखंडी डिस्क उतरतात, चकचकीत मॅगव्हील चढतात, त्यावर दोन बोटे जास्त रुंद टायर बसतो. पोरगा लांब उभा राहून फोटो काढतो. डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर ही पिकअप बहुतेक वेळा घरातली पहिली चारचाकी असते, कर्जाने घेतलेली. तिचे कौतुक झालेच पाहिजे. पण एवढ्या सौद्यात एक प्रश्न दुकानदार विचारत नाही आणि गाडीवालाही सांगत नाही: हौद्यात भरणार काय?

सगळी निवड या एका प्रश्नावर ठरते. घोलवड-बोर्डीच्या वाडीतून चिकूचे क्रेट काढायचे असतील तर पावसात चिखलाची वाट आहे आणि पुढे डांबरी रस्ता आहे. डहाणूच्या किनाऱ्यावरून मासळी न्यायची असेल तर बर्फाचे वजन आहे आणि रात्रभर डिस्कवर ठिबकणारे खारे पाणी आहे. वीटभट्टीची वीट दिसायला थोडी आणि वजनाला प्रचंड. गवताच्या गठड्यांचे बरोबर उलटे. वजन त्या मानाने कमी, पण उंची इतकी की वळणावर गाडी झुकते. या चारही धंद्यांना एकच टायर चालेल असे जो सांगतो, त्याला तुमच्या धंद्याशी देणेघेणे नाही, त्याला गोदामातला माल काढायचा आहे.

आता टायरच्या बाजूवरचे लिखाण वाचायला शिका. समजा तिथे २१५/७५ आर १५ असे आहे. २१५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७५ म्हणजे त्या रुंदीच्या ७५ टक्के बाजूची उंची, आर म्हणजे रेडियल, १५ म्हणजे डिस्कचा व्यास इंचांत. इथपर्यंत बहुतेकांना माहीत असते. महत्त्वाचा आकडा त्याच्या पुढे असतो आणि तोच कुणी वाचत नाही. तो भार अंक. १०० अंकाचा टायर ८०० किलो उचलतो, १०४ चा ९०० किलो, १०८ चा १,००० किलो, ११२ चा १,१२० किलो. भरलेल्या पिकअपच्या मागच्या एक्सलवर २,००० किलो येत असतील तर प्रत्येक टायरच्या वाट्याला १,००० किलो आले. तिथे १०० अंकाचा, जीपगाडीसाठी बनवलेला, देखणा, रुंद टायर बसवला तर एक्सलची ताकद १,६०० किलोवर आली. रुंदी वाढली, ताकद ४०० किलोंनी कमी पडली. रुंद म्हणजे दणकट, हा आपल्या भागातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

मालवाहू गाडीच्या टायरवर एलटी ही अक्षरे असतात, सोबत ८ पीआर किंवा १२ पीआर असे थरांचे माप असते. भार जास्त आणि हवा कमी झाली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला वाकते, वाकून तापते आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. मे महिन्यात महामार्गावर अच्छाडपासून मनोरपर्यंत भरल्या गाडीने दुपारी जाताना हे तापणे किती असेल, याचा विचार करा. टायर फुटल्यावर आपण खड्ड्याला शिव्या देतो. खड्डे आहेतच, पण चुकीचा टायर आपणच निवडलेला असतो.

मॅगव्हीलबद्दल माझे मत साफ आहे. माल वाहणाऱ्या पिकअपला ते नको. लोखंडी डिस्क खड्ड्यात आदळली तर वाकते. उधव्याच्या किंवा कासाच्या गॅरेजात ती ठोकून, तपासून पुन्हा चालू करता येते. मॅगव्हीलला तडा जातो आणि तडा गेलेले मॅगव्हील जोडून चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. किनाऱ्याकडच्या लोकांनी मात्र लोखंडाचीही काळजी घ्यायला हवी. मासळीच्या गाड्यांच्या डिस्कची कड खाऱ्या पाण्याने गंजते, ट्यूबलेस टायर त्या कडेला घट्ट बसत नाही आणि हवा रोज थोडी थोडी उतरत राहते. फेरीनंतर गोड्या पाण्याने चाके धुणे आणि वर्षातून एकदा कड घासून रंग देणे, एवढे केले तरी पुष्कळ.

तरीही मॅगव्हील बसवायचेच असेल, तर नट किती आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास किती, एवढे जुळून भागत नाही. मधले भोक हबवर नेमके बसले पाहिजे. ते मोठे असेल तर चाकाचा सगळा झटका नटांवर येतो. नटाची बैठक निमुळती आहे की सपाट, तेही जुळले पाहिजे. आणि चाक बाहेर किती येते, हे मोजा. चाक बाहेर काढायला हबवर जाड चकत्या लावण्याची जी पद्धत निघाली आहे ती तर बंदच व्हायला हवी. चाक जितके बाहेर, तितका बेअरिंगवर आणि स्टिअरिंगच्या जोडांवर ताण. रिकामी गाडी दुकानासमोर छान वळते. भरलेली गाडी पाटे दबून खाली बसते आणि पूर्ण वळणावर टायर मडगार्डला घासायला लागतो. चाक कोणतेही बसवा, पहिल्या शंभरेक किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या.

टायरचा आकार वाढवणाऱ्यांनी एक गणित करावे. २१५/७५ आर १५ चा व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो, २३५/७५ आर १५ चा सुमारे ७३४. फरक चार टक्क्यांहून थोडा जास्त. म्हणजे काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८३ च्या पुढे असेल. भरल्या गाडीला चढावर इंजिन कमी ओढेल आणि थांबायला ब्रेकला जास्त मेहनत पडेल. जव्हारच्या घाटात जाणाऱ्यांना हे मी सांगायला नको.

कायदाही स्पष्ट आहे. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ मापांत मनमानी बदल करू देत नाही आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळच्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने, नियमाबाहेर बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. रस्त्यात कुणी अडवले नाही म्हणून बदल कायदेशीर ठरत नाही. अपघातानंतर विमा कंपनीचा माणूस चाके बघायला येतो, तेव्हा हे कलम आठवून उपयोग नसतो. घ्यायचा आकार त्या गाडीसाठी कंपनीने मान्य केलेल्या यादीत आहे का, एवढे आधी बघा.

नक्षीचे म्हणाल तर जुन्या ड्रायव्हरांचा हिशेब अजून खरा आहे: पुढे रिब, मागे लग. उभ्या रेघांचा टायर स्टिअरिंगला सरळ ठेवतो, खोल खाचांचा टायर वाडीच्या चिखलात पकड देतो. आठवड्याचे सहा दिवस महामार्गावरच असाल तर मागेही रिबच घ्या, लग तिथे नुसता आवाज करतो आणि लवकर झिजतो. नायलॉन आणि रेडियल एका एक्सलवर एकत्र कधीच नको. रिमोल्ड टायर पुढे नको.

पिकअपची खरी परीक्षा मात्र परतीच्या रिकाम्या फेरीत असते, आणि तिच्याबद्दल फारच कमी बोलले जाते. माल उतरला की मागचा भाग हलका होतो. मागच्या टायरात भाराची पूर्ण हवा तशीच असते, टायर कडक झालेला असतो, त्यात जूनचा पहिला पाऊस आणि रस्त्यावर तेलाचा थर. ब्रेक मारला की मागची चाके जागच्या जागी थांबतात आणि गाडी आडवी होते. या वेळी मॅगव्हीलची चकाकी काही कामाची नाही, खाचांची खोली कामाची. नियमाने ती किमान १.६ मिलिमीटर हवी. खाचेच्या तळाशी असलेला छोटा उंचवटा टायरच्या पृष्ठभागाला येऊन भिडला की टायर संपला. आमच्या पावसाला मी तर ३ मिलिमीटरलाच टायर बदला म्हणेन. समृद्धी महामार्गावर २०२३ मध्ये परिवहन विभागाने गुळगुळीत टायरच्या गाड्या परत पाठवल्या. मुंबई-अहमदाबाद महामार्गावरही तसेच व्हायला हवे, आणि पहिल्या पावसाच्या आधी व्हायला हवे.

आता हौद्यातल्या माणसांबद्दल. मालवाहू गाडीत माणसे बसवणे कायद्याला मान्य नाही, तरी पहाटे कामाला जाणारे मजूर उभ्याने जातात, लग्नाचे वऱ्हाड जाते, चैत्र पौर्णिमेला विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा सुरू झाली की घरेच्या घरे जातात. हे थांबले पाहिजे, आणि त्यासाठी एसटीने पाड्यापर्यंत पहाटेच्या फेऱ्या वाढवल्या पाहिजेत. पण आज ती माणसे हौद्यात आहेत, आणि चिकूच्या क्रेटसारखी ती एका जागी बसून राहत नाहीत, वळणावर सगळी एका बाजूला झुकतात. मागचा एक टायर गेला तर त्यांना धरायला पट्टा नाही, डोक्यावर छप्पर नाही. ज्या मालकाने दिखाव्यावर पैसे घातले आणि भार अंकात काटकसर केली, त्याने हा धोका त्यांच्या वतीने पत्करलेला असतो, त्यांना न विचारता.

चार टायर नवे घेणारे पाचवा विसरतात. हौद्याखाली साखळीला लटकलेली स्टेपनी चिखलाने माखून, जुन्या मापाची, अर्ध्या हवेची पडून राहते. रात्री चारोटीच्या पुढे ती काढायची वेळ आली आणि साखळीच गंजून बसलेली असली, तर काय करणार? एका एक्सलवर दोन वेगळ्या व्यासांची चाके घेऊन लांब पळणे गाडीच्या गिअरलाही घातक आहे. पैसे पाच टायरांचे धरा, किंवा गाडीच्या मूळ मापावरच राहा.

तेव्हा दुकानात जाण्याआधी ड्रायव्हरच्या दारापाशी लावलेल्या स्टिकरचा फोटो काढून घ्या. त्यावर टायरचे माप आणि पुढची-मागची हवा लिहिलेली असते. स्टिकर नसेल तर गाडीच्या पुस्तकात सापडेल. टायरवरचा आयएसआयचा शिक्का बघा, तयार झाल्याची तारीख बघा: २३२५ म्हणजे २०२५ च्या २३ व्या आठवड्यातला माल. मग दुकानदाराला सांगा, हौद्यात काय भरणार आणि किती. बिलावर टायरचे पूर्ण माप, भार अंक आणि क्रमांक लिहून मागा. जो लिहून देणार नाही, त्याच्याकडून टायर घेऊ नका.