सेकंदराव

सेकंदराव स्वतः आजवर कुठेही वेळेवर पोचलेले नाहीत. लग्नाला जातात तेव्हा पहिली पंगत उठलेली असते, रिहर्सलला येतात तेव्हा आमचा दुसरा चहा झालेला असतो. पण यंत्राने थांबायला सांगितलं की यांचं डोकं फिरतं. एटीएमच्या पडद्यावर ‘कृपया प्रतीक्षा करा’ उमटलं, तर हे त्याला मोठ्याने ‘का?’ विचारतात आणि मागची रांग दोन पावलं मागे सरकते.

दिवसा हिंजवडीत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी आमच्या हौशी ऑर्केस्ट्रात गिटार, असा त्यांचा दिनक्रम. पूर्वी त्यांच्याकडे व्हॉल्व्हचा ॲम्प होता. तो उचलायला दोन माणसं लागत आणि त्यांतले एक सेकंदराव कधीच नसत, कारण ते अजून यायचे असत. मग त्यांनी मॉडेलर केला. फेंडर, मार्शल, व्हॉक्स या जड खोक्यांचा आवाज आकडेमोडीने काढणारा डबा म्हणजे मॉडेलर. लाइन सिक्स कंपनीने १९९८ साली ‘पॉड’ नावाचा लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचा असा डबा आणला, तेव्हा जुन्या गिटारवाल्यांनी नाकं मुरडली होती. आज त्यांतल्या बऱ्याच जणांच्या घरी असला एखादा डबा निघेल. विकत मिळणारी वस्तू विकत घेणं सेकंदरावांना कमीपणाचं वाटतं. त्यांनी तपकीर गल्लीत खेटे घालून, पत्त्यांच्या कॅटाएवढ्या रास्पबेरी पाय कॉम्प्युटरवर तो स्वतः उभा केला आणि बोहरी आळीतल्या ॲल्युमिनियमच्या पेटीत बसवला. आवाज खरोखर उत्तम होता. तारेवर बोट पडल्यापासून आवाज बाहेर येईपर्यंत मिलिसेकंदही जास्त जाऊ नये म्हणून त्यांनी बफर, म्हणजे डबा एका दमात गिळतो तो आवाजाचा घास, ६४ नमुन्यांवर आणला होता. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने हे होतात सुमारे १.३ मिलिसेकंद. स्पीकरपासून दीड फूट मागे सरकलं तरी आवाजाला तेवढाच उशीर होतो, असं ते सांगत. हे सांगायला ते चाळीस मिनिटं उशिरा आले होते, तो भाग वेगळा.

गणपतीत सोसायटीच्या मांडवात ‘चुरा लिया है तुमने’ घेतलं. १९७३ च्या ‘यादों की बारात’मधलं हे गाणं ग्लासावर चमचा वाजवून सुरू होतं आणि मागोमाग गिटार येते. आमच्या ग्लासवाल्याने किणकिण केली आणि वीज गेली. जनरेटर लगेच लागला. कीबोर्ड आला, माइक आले, दिवे आले. सेकंदरावांच्या डब्यावर मात्र पांढरी अक्षरं वरून खाली धावत होती. डब्याला सुरू व्हायला ४७ सेकंद लागत. ग्लासवाला सज्जन माणूस, तो किणकिणत राहिला. पहिल्या रांगेतल्या एका आजोबांना वाटलं कोणी तरी पाणी मागतंय. त्यांनी नातवाला तांब्या घेऊन पिटाळला.

त्या रात्री सेकंदरावांनी मोहीम उघडली. डबा ज्यावर चालत होता त्या लिनक्समध्ये ‘सिस्टमडी-ॲनलाइझ ब्लेम’ अशी एक आज्ञा असते. ती दिली की सुरू होताना कोणी किती वेळ खाल्ला याची उतरती यादी समोर येते. सेकंदराव ही यादी आम्हाला रिहर्सलमध्ये वाचून दाखवत, आणि त्यांच्या आवाजात लाचलुचपत खात्याच्या अधिकाऱ्याचा करारीपणा येई. सगळ्यांत वर इंटरनेटची वाट बघत बसणारी सेवा निघाली. मांडवात कुठलं इंटरनेट? ती गेली. मग ब्लूटूथ गेलं, अपडेट तपासणारं गेलं. खाली खाली एक प्रिंटरची सेवा सापडली. गिटारच्या डब्यात प्रिंटर! ती काढल्यावर वेळ फारसा वाचला नाही, पण त्या दिवशी त्यांनी सगळ्यांना भजी चारली.

पुढचा चोर घरातलाच निघाला. ॲम्पचा आवाज पूर्ण होण्यासाठी स्पीकरच्या खोक्याच्या घुमाऱ्याचे ठसे लागतात. प्रत्येक ठसा म्हणजे एक छोटी ध्वनिफाइल. सेकंदरावांनी फुकट मिळतात म्हणून असे शेकडो उतरवून ठेवले होते आणि डबा सुरू होताना ते सगळे चाळत बसे. “यांतले वापरतोस किती?” मी विचारलं. “दोन,” ते म्हणाले. “पण बाकीचे असलेले बरे.” शेवटी तडजोड झाली. मागच्या वेळी वाजवलेला आवाज तेवढा आधी उघडायचा, बाकीचे नंतर सवडीने. पडदासुद्धा नंतर. न बघता वाजवता येतं, हा त्यांचा युक्तिवाद मला आजही पटतो. मग त्यांनी मेमरी कार्ड फक्त वाचण्यापुरतं ठेवलं, म्हणजे वीज मध्येच गेली तरी त्यावरचं काही बिघडू नये. शेवटी तयार लिनक्स मोडीत काढून बिल्डरूट वापरलं आणि हवं तेवढंच घातलेलं स्वतःचं लिनक्स बांधलं. ४७ चे ३१ झाले, ३१ चे १९, मग ११. प्रत्येक आकडा ग्रुपवर रात्री दीडच्या सुमारास येई. खाली वहिनींचा अंगठा असे. त्या शेजारच्याच खोलीत जाग्या असत.

ढोलकीवाले काका एकदा म्हणाले, “अहो, एक छोटा यूपीएस का नाही लावत? डबा बंदच पडणार नाही.”

खोलीत शांतता पसरली. सेकंदराव काकांकडे बराच वेळ बघत राहिले. “काका,” ते म्हणाले, “ती शरणागती झाली.”

काकांनी मग मर्फीच्या रेडिओचा विषय काढला. तोही बटण दाबल्यावर तापेपर्यंत गप्प बसायचा आणि घरातले सगळे त्याच्याकडे तोंड करून बसायचे, कोणाची तक्रार नसे. आश्चर्य म्हणजे सेकंदरावांचीही व्हॉल्व्हबद्दल तक्रार नव्हती. तिथे तार तापल्याशिवाय इलेक्ट्रॉन सुटतच नाहीत. निसर्गाचा नियम आहे, त्याला काय बोलणार? त्यांचा राग माणसांवर होता. मधल्या काळात ट्रान्झिस्टर आला, वाट बघणं संपलं, आणि मग कुणा आळशी प्रोग्रामरने ते परत आणलं. हे सांगताना त्यांना ओळीच्या ओळी लिहिणारे ते अनोळखी लोक डोळ्यांसमोर दिसत असावेत, कारण ते एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवत होते.

आमचा कीबोर्डवाला सीए आहे. त्याने चहाच्या बिलामागे हिशेब मांडला. सेकंदरावांचे गेलेले तास, कमीत कमी धरून, २००. दर वेळी वाचलेले सेकंद ४१, कारण डबा एव्हाना ६ वर आला होता. आठवड्यातून दोनदा डबा लावला, तर गेलेला वेळ वसूल व्हायला सुमारे १६८ वर्षं.

सेकंदरावांनी कागद नीट वाचला. “तू लाइट जाण्याचं धरलंच नाहीस,” ते म्हणाले.

आणि खरंच, कोजागिरीला सबंध सोसायटीत वीज जावी अशी इच्छा असलेला तो एकच माणूस होता. मसाला दूध फिरत होतं, चंद्र वर आला होता, गाण्यामागून गाणी होत होती, आणि सेकंदराव दर दोन मिनिटांनी ट्रान्सफॉर्मरच्या दिशेने बघत होते. अखेर दहाच्या सुमारास वीज गेली. जनरेटर लागला. आम्ही सगळे, गायिकासुद्धा, डब्याकडे बघत मनातल्या मनात आकडे मोजू लागलो. सहा! हिरवा दिवा लागला. सेकंदरावांनी मान मागे टाकून एक भरघोस कॉर्ड मारला.

आवाज आला नाही. दुसरा मारला, तोही नाही. गायिकेने माइकवर टिचकी मारली, तीही मुकी. यंदा साउंडवाल्याने मोठ्या हौसेने नवा डिजिटल मिक्सर आणला होता, आणि तोही आत एक कॉम्प्युटरच. त्याच्या पडद्यावर कंपनीचं चिन्ह सावकाश गोल फिरत होतं. काकांची ढोलकी तेवढी चालू होती.

सेकंदरावांनी गिटार खाली ठेवली आणि ते मिक्सरपाशी गेले. आधी वाकून बघितलं, मग मागून बघितलं.

“यात लिनक्स आहे का हो?”

“साहेब,” साउंडवाला घाबरून म्हणाला, “तो भाड्याने आणलाय.”

“नुसतं बघतोय,” सेकंदराव म्हणाले. त्यांच्या तळहातावर तोवर दोन स्क्रू आले होते.