रिक फ्लेअरच्या फिर्यादी मंडळींस अनावृत पत्र

राजमान्य राजेश्री समस्त कुस्तीचिकित्सक मंडळींचे सेवेशी,


आपण रिक फ्लेअर नामक अमेरिकन व्यावसायिक मल्लाविरुद्ध वर्षानुवर्षे जी फिर्याद चालविली आहे, तिचा मजकूर मी साद्यंत वाचला आणि आपल्या परिश्रमांपुढे नतमस्तक झालो. एका माणसाने आपल्या कारकिर्दीत किती वेळा कोपऱ्यातल्या खांबावर आदळून उलटी कोलांटी खाल्ली, किती वेळा वरच्या दोरावर चढून प्रतिस्पर्ध्याच्या हातून खाली फेकून घेतले, आणि किती वेळा तडाखा बसल्यावर दोन पावले डौलात चालून, मग जणू काही आठवल्यासारखे, तोंडावर सपशेल आपटून घेतले, याचा रोजनामा ठेवावयास जी चिकाटी लागते, ती ज्ञानेश्वरीच्या पाठभेदांवर खर्ची पडती तर मराठी भाषेचे कल्याण झाले असते. आरोपाचे तात्पर्य एवढेच की, मजकूर इसमास येत होते ते इतकेच. तरुणपणी ते खपून गेले, उतारवयात उघडे पडले. सबब त्याला श्रेष्ठ मल्ल म्हणणे हा निव्वळ लोकभ्रम होय. आरोपीतर्फे कैफियत देण्याचे मुखत्यारपत्र मजजवळ नाही. परंतु ज्या खटल्यात फिर्यादी, साक्षीदार आणि न्यायाधीश या तिन्ही जागा आपणच भूषविल्या आहेत, तेथे एका आगंतुक वकिलाने फारसे बिघडू नये.

प्रथम एक गोष्ट कबूल करून टाकतो. या कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. कोल्हापूरच्या तांबड्या मातीत वाढलेला वस्ताद तिला नुरा कुस्ती म्हणून तोंड फिरवील, आणि त्याच्या धर्माप्रमाणे ते रास्तच आहे. आपण मात्र तोंड फिरविले नाही. निकाल ठरलेला आहे हे पक्के ठाऊक असताना आपण तिकीट काढले, खुर्ची अडविली, आणि मग मल्लाला कुस्ती येत नाही म्हणून तक्रार गुदरली. तेव्हा निकाल ठरलेल्या कुस्तीत कसब कशाला म्हणावे, एवढाच मुद्दा उरतो. आपले उत्तर मला ठाऊक आहे: जो अधिक उंचावरून उडी मारील, जो दर महिन्यास नवा डाव काढील, तो थोर. माझे उत्तर जुन्या वळणाचे आहे. समोरचा गडी जिंकणार असे हजारो लोकांना क्षणभर खरोखर वाटावयास लावणे आणि त्या गड्याला धडधाकट घरी पाठविणे, हेच या धंद्याचे कसब. आणि ते ज्याला साधले त्याने अन्य काही शिकावे असा आग्रह मला अतिक्रमण वाटतो.

त्यातही फ्लेअरची नेमणूक कशासाठी होती हे आपण दफ्तरातून गाळले आहे. १९४८ साली स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्समध्ये प्रांतोप्रांतीचे ठेकेदार एकत्र आले होते. प्रत्येकाचा मुलूख वेगळा, प्रत्येकाचा लाडका मल्ल वेगळा, अजिंक्यवीर मात्र सर्वांचा मिळून एक. त्याने गावोगाव हिंडावे, स्थानिक वीराशी तासतासभर झुंजावे, त्याच्या हातून मरेमरेतो मार खावा, आणि अखेरीस कसाबसा, लोकांच्या शिव्याशापांत, पट्टा सांभाळून पुढच्या गावी जावे. १९६८ साली मुंबईत दारासिंगांशी कुस्ती खेळावयास आलेला लू थेझ हा याच परंपरेतला जुना फिरस्ता. १७ सप्टेंबर १९८१ रोजी कॅन्सस सिटीत डस्टी ऱ्होड्सकडून फ्लेअरने तो पट्टा घेतला तेव्हा सोन्याबरोबर ही चाकरीही घेतली. ज्या कोलांट्यांचा आपणास वीट आला आहे, त्या एखाद्या गावातल्या प्रेक्षकाला वर्षाकाठी एकदोनदाच पाहावयास मिळत. आपण त्या सगळ्या एका रात्रीत, एकामागून एक, चित्रफितीवर पाहिल्या आणि अजीर्ण झाले ते मल्लाच्या नावे मांडले. संगीत नाटकाला जाणारा आपला आजोबा तेच पद तिसऱ्यांदा ऐकावे म्हणून ‘वन्समोअर’चा गजर करीत असे, नटाला तेवढेच एक पद येते असा निष्कर्ष त्याने काढल्याचे ऐकिवात नाही.

आता त्या पडण्याविषयी. फ्लेअरला धड पाठीवर पडता येत नाही, तो कुशीवर आडवा होतो, असा एक शेरा आपल्या मंडळींत फार दिवस प्रचलित आहे, आणि वस्तुस्थिती म्हणून तो अचूक आहे. ४ ऑक्टोबर १९७५ रोजी उत्तर कॅरोलिनातील विल्मिंग्टनजवळ एक लहान विमान इंधन संपल्यामुळे कोसळले. वैमानिक पुढे दगावला. जॉनी व्हॅलेंटाइन हा त्या काळचा नामांकित मल्ल पंगू होऊन कायमचा रिंगणाबाहेर गेला. आणि सव्वीस वर्षांच्या फ्लेअरच्या पाठीचा कणा तीन ठिकाणी मोडला. पुन्हा कुस्ती खेळता येणार नाही असे डॉक्टरांनी सांगितले. गृहस्थ पुढच्याच वर्षी खेळत होता, फक्त अंग टाकण्याची रीत त्याने बदलली: सारा भार सपाट पाठीवर न घेता कुशीवर आणि नितंबावर घ्यावयाचा. त्या सांधलेल्या कण्यावर त्याने पुढे तीन दशकांहून अधिक काळ रोजच्या रोज फेकून घेतले, आणि आपण, ज्यांना बसच्या धक्क्याने उसण भरते, त्या पडण्याला शैलीदोष म्हणून लाल शाई लावली!

त्याचे हल्ले तरी किती, असे आपण विचाराल. फार नाहीत. उघड्या हाताच्या कडेचा तडाखा छातीवर असा बसे की त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जाई आणि समोरच्याची कातडी लालबुंद होई. ठरवून खेळल्या जाणाऱ्या या कुस्तीत ती लाली तेवढी ठरवून आणता येत नाही. आणि फिगर-फोर: प्रतिस्पर्ध्याचे दोन्ही पाय आपल्या पायांत असे गुंतवावयाचे की गुडघ्यावर ताण यावा. मौज अशी की हा पेच शेवटी लावावयाचा म्हणून फ्लेअर आरंभापासून समोरच्याच्या एकाच पायामागे लागे. लाथ त्याच गुडघ्यावर, दोराचा आधार त्याच गुडघ्यासाठी, पंचाची पाठ फिरताच होणारी लबाडीही त्याच गुडघ्याशी. त्यामुळे अखेरचा पेच आकाशातून पडल्यासारखा वाटत नसे. हल्लीच्या कित्येक कुस्त्यांत पहिल्या मिनिटाला मोडलेला पाय पाचव्या मिनिटाला उड्या मारतो, पण त्याविषयी आपल्या फिर्यादीत चकार शब्द नाही.

ब्रेट हार्टसारख्या जाणत्या मल्लानेही फ्लेअरला साचेबंद ठरविले आहे, हा आपला हुकमी पुरावा. त्या साक्षीदाराविषयी मला आदरच आहे. त्याच्या आयुष्यातले पहिले जागतिक अजिंक्यपद १२ ऑक्टोबर १९९२ रोजी सॅस्काटूनमध्ये त्याला ज्याच्याकडून मिळाले, तो साचेबंद इसम हाच, एवढी नोंद मात्र साक्षीच्या शेजारी करून ठेवावी.

राहता राहिले वय. सोळा जानेवारी २००६ रोजी, छप्पन्नाव्या वर्षी, रॅली शहरात हा माणूस एज नावाच्या बत्तीस वर्षांच्या मल्लाबरोबर शिड्या, टेबले आणि लोखंडी खुर्च्या यांच्या गर्दीत खेळला. आमच्याकडे या वयाचा कारकून मुदतवाढीचा अर्ज लिहीत असतो. दोन वर्षांनी, ३० मार्च २००८ रोजी, ऑर्लँडोच्या सिट्रस बोलमध्ये, आयोजकांच्या हिशेबाने ७४,६३५ लोकांसमोर, तो शॉन मायकेल्सशी निरोपाची कुस्ती खेळला. एकोणसाठ वर्षांच्या त्या शरीरात वेग उरला नव्हता, हे आंधळ्यालाही दिसत होते; आणि कुस्ती उभी होती ती त्याच गोष्टीवर. फ्लेअर मुठी आवळून रडत उभा राहिला, मायकेल्सने ओठांनीच माफी मागितली, आणि मग त्याची शेवटची लाथ बसली. नवा डाव त्यात एकही नव्हता. सबंध मैदान गप्प करावयास एखादा नवा डाव आपणाजवळ असल्यास कृपया कळवावा.

३१ जुलै २०२२ रोजी, त्र्याहत्तराव्या वर्षी, छातीत पेसमेकर घेऊन तो नॅशव्हिलमध्ये पुन्हा उतरला, त्या कुस्तीची वकिली मी करणार नाही. ती पाहताना कुस्तीचा नव्हे, रुग्णवाहिकेचा विचार मनात येत होता. तेवढे कलम आपले मंजूर. परंतु त्या एका संध्याकाळच्या जोरावर आधीच्या पन्नास वर्षांची मिळकत जप्त करण्याचा आपला अर्ज नामंजूर व्हावयास हवा.

माझे मागणे थोडके आहे. २७ मार्च १९८८ रोजी ग्रीन्सबरोत स्टिंग नावाच्या एका पिळदार, परंतु अननुभवी तरुणाबरोबर फ्लेअर ४५ मिनिटे खेळला. कुस्ती बरोबरीत सुटली आणि तो तरुण दुसऱ्या दिवसापासून मोठा मल्ल गणला जाऊ लागला. ती कुस्ती एकवार पाहावी. स्टिंग कधी उचलतो, कधी फेकतो, इकडे लक्ष न देता, त्याला प्रत्येक वेळी योग्य जागी कोण आणून उभे करतो, त्याला दम खाण्यास अवधी कोण देतो, आणि लोक त्याच्या नावाने ओरडू लागले की मार खाण्यासाठी नेमका कोण पुढे सरतो, तेवढेच पाहावे. निकाल मग आपण खुशाल द्यावा.



आपला,
एक जुना प्रेक्षक