सोमवारचा फळा: आठवड्याचा खेळाडू निवडणाऱ्या नवशिक्यांसाठी

अभिनंदन. जिमखाना समितीच्या बैठकीला तुम्ही गैरहजर होतात, त्यामुळे तुमची निवड एकमताने झाली. यापुढे दर सोमवारी पहिल्या तासाच्या आधी, जिन्याखालच्या काळ्या फळ्यावर, गेल्या आठवड्यात आपल्या खेळाडूंनी काय केलं ते तुम्ही लिहायचं आणि त्यातल्या एकाच्या नावाभोवती रंगीत खडूने चौकट काढायची. तोच आठवड्याचा खेळाडू. तासगावात हे काम मी तीन वर्षं केलं. त्यातून उरलेलं शहाणपण आणि एक डस्टर तुमच्या हवाली करतो. डस्टर सांभाळा, दुसरा मिळत नाही.

तिकडे अमेरिकेत कॉलेजांच्या क्रीडा संघटना दर आठवड्याला असे खेळाडू जाहीर करतात, प्रत्येक खेळाचा वेगळा. आकडे गोळा करायला तिथे पगारी माणसं असतात. आपल्याकडे तुम्ही आहात.

पायरी पहिली: कोण कुठे गेलंय ते शोधा

शिवाजी विद्यापीठाच्या पोटात कोल्हापूर, सांगली आणि सातारा हे तीन जिल्हे येतात. ‘झोनल’ म्हणजे आपल्या जिल्ह्यातल्या कॉलेजांशी गाठ: इस्लामपूर, विटा, पलूस, जत, मिरज. ‘इंटरझोनल’ला तिन्ही जिल्हे भिडतात. त्यातून विद्यापीठाचा संघ निघतो आणि ‘वेस्ट झोन’ला, नशीब असेल तर ‘ऑल इंडिया’ला जातो. ऑल इंडिया खेळून आलेला पोरगा ओळखायला सोपा. तो मे महिन्याच्या लग्नात ब्लेझर घालतो.

ही सगळी गडबड पावसाळ्यात सुरू होते आणि थंडीपर्यंत चालते. एकाच आठवड्यात कबड्डीचा संघ एका गावी, खो-खोच्या मुली दुसऱ्या गावी आणि कुस्तीवाले तिसऱ्याच असतात. निकाल विचारायला फोन केलात तर पलीकडून उत्तर येईल, “आरं जिंकलो की!” यापुढचा तपशील काढणं म्हणजे पत्रकारिता. तिथे बहुतेक नवशिके गळतात.

पायरी दुसरी: विशेषणांची पिशवी विहिरीत टाका

खेळाच्या बातमीसाठी आपल्याकडे काही शब्द पिढ्यान्‌पिढ्या तयार आहेत. घवघवीत यश. नेत्रदीपक कामगिरी. शिरपेचात मानाचा तुरा. सर्व स्तरांतून अभिनंदन होत आहे. हे शब्द आधी लिहून ठेवले तरी चालतात, खेळाडू नंतर सापडतो. मी पहिलं वर्ष याच पिशवीवर काढलं. पुढे ‘यांचे मार्गदर्शन लाभले’ म्हणून अध्यक्ष, सचिव, प्राचार्य, उपप्राचार्य आणि कार्यालयीन अधीक्षक. अशा एका बातमीत मी नावं मोजली, अकरा निघाली. त्यात खेळाडूचं एक होतं आणि तेही चुकलं होतं. त्याने किती किलो उचललं, किती सेकंदात पळाला, हे कुठेच नव्हतं.

या बाबतीत खो-खोवाल्यांकडून शिका. त्यांच्या बातमीत नावापुढे कंसात पळतीची मिनिटं आणि बाद केलेले गडी असतात. अमुक इतकी मिनिटं संरक्षण, इतके गुण, कारभार संपला. एका मुलीने दोन मिनिटं दहा सेकंद पळती केली असं लिहिलं की खो-खो खेळलेल्या कुणालाही तो सामना डोळ्यांपुढे दिसतो. ‘अष्टपैलू खेळ’ लिहिलं की काहीच दिसत नाही.

जत्रेतल्या कुस्तीच्या बातमीलाही मी मान देतो. तिथे डावाचं नाव असतं, घिस्सा की ढाक की एकचाक, आणि बक्षिसाची रक्कम असते. आपल्या भागात बैलगाडा शर्यतीतला बैलसुद्धा माणसापेक्षा नीट नोंदला जातो. ‘बकासुर’ म्हटल्यावर ज्याला भीमाची गोष्ट आठवते तो बाहेरगावचा समजावा.

तर नियम असा: आकडा लिहा, विशेषण नको. आकडा टिकतो. ऑक्टोबर २०१३ मध्ये वडोदऱ्यात, १९ वर्षांखालच्या एकदिवसीय सामन्यात, महाराष्ट्राच्या एका सलामीच्या मुलीने गुजरातविरुद्ध १५० चेंडूंत नाबाद २२४ धावा केल्या. वय सतरा, गाव सांगली, नाव स्मृती मानधना. त्या दिवशी कुणी ‘धडाकेबाज’ लिहिलं असेल तर तो शब्द केव्हाच वाहून गेला. २२४ आहेत तिथेच आहेत.

दुसरं उदाहरण जास्त बोचरं आहे. सांगलीत पानपट्टी चालवणाऱ्या घरातला संकेत सरगर शिवाजी विद्यापीठाचा विद्यार्थी होता आणि २०२०च्या खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतला विजेता. ३० जुलै २०२२ रोजी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत, ५५ किलो वजनगटात, त्याने स्नॅचमध्ये ११३ आणि क्लीन अँड जर्कमध्ये १३५ किलो उचललं. एकूण २४८. पुढच्या प्रयत्नात कोपर दुखावलं, तरी तो तिसऱ्या प्रयत्नाला उभा राहिला आणि वजन निसटलं. मलेशियाच्या खेळाडूचं एकूण २४९ झालं. ‘संकेतचे रुपेरी यश’ एवढंच लिहिलंत तर तो एक किलो कुठे गेला? शेतकऱ्याच्या पोराला एक किलो काय असतं हे बेदाण्याच्या सौद्यात उभं राहिल्यावर कळतं. फळ्यावर दोन्ही आकडे लिहायचे, आपला आणि समोरच्याचाही.

पायरी चौथी (तिसरी मंजुरीसाठी वर पाठवली आहे. आल्यावर कळवू.)

आता खरी डोकेदुखी, वेगवेगळ्या खेळांतून एकच नाव काढण्याची. कबड्डीच्या चढाईपटूने एका सामन्यात चौदा गुण आणले, गोळाफेकीत एकाने स्वतःचं अंतर अर्धा मीटरने वाढवलं, आणि ज्यूदोची पोरगी दहा सेकंदांत लढत आटोपून डबा खायला बसली. यांतला मोठा कोण? गोडं तेल, गूळ आणि ज्वारी एकाच मापात मोजण्यासारखं हे आहे.

शास्त्रज्ञांनी प्रयत्न केलेत. वेगवेगळ्या वजनगटांतल्या भारोत्तोलकांची तुलना करायला सिंक्लेअर नावाचं सूत्र आहे. डेकॅथलॉनमध्ये धावण्याचे सेकंद आणि उडीचे मीटर यांचे गुण करून बेरीज मारतात. पण कबड्डीतल्या डाव्या कोपरारक्षकाला कुठलं सूत्र लावाल? चढाई करणारा गुण घेऊन परत येतो म्हणून तो दिसतो. कोपरा तीस सेकंद वाकून उभा असतो, घोट्याला एकदाच हात घालतो, आणि बहुतेक वेळा हात घालायची वेळच येऊ देत नाही. न आलेले गुण गुणफलकावर चढत नाहीत. माझा सल्ला असा की, निदान दोन आठवड्यांतून एकदा पकडवाल्याचं नाव चौकटीत टाका. चढाईवाले चार दिवस बोलणार नाहीत, पाचव्या दिवशी विसरतात.

क्रिकेटची काळजी करू नका. क्रिकेटवाले स्वतःच येऊन लिहून जातात.

वशिल्याबद्दलही सांगून ठेवतो. रविवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर कुणीतरी तुमच्या खांद्यावर हात टाकेल. “लेका, माझं नाव घाल की फळ्यावर. वडापाव चारतो.” वडापाव खावा, नाव आकडा बघूनच घालावं. मी असे बरेच वडापाव खाल्ले आहेत.

पायरी पाचवी: क्रमांकाच्या फासात अडकू नका

फळ्यावर फक्त पहिले तीन क्रमांक लिहायचे, असा आमच्या वेळी अलिखित नियम होता. जागा कमी, हा बहाणा. हा नियम साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावाला लावून बघा. तिथली ललिता बाबर २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेस धावली. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंद, तेव्हाचा राष्ट्रीय विक्रम. पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी भारताची बाई ऑलिम्पिकमध्ये धावण्याच्या वैयक्तिक शर्यतीच्या अंतिम फेरीत पोचली आणि तिथे ती दहावी आली. दहावी! म्हणजे आमच्या फळ्यावर तिला जागा नव्हती.

पायरी सहावी: द्राक्षाचं पंचांग भिंतीला लावा

ही पायरी इतर कुठल्या गावच्या मार्गदर्शकात सापडणार नाही. द्राक्षाच्या एका जातीच्या नावातच आपलं गाव आहे, तास-ए-गणेश. तेव्हा पोरं खेळायची कधी आणि दिसायची नाहीत कधी, हे बाग ठरवते.

ऐन स्पर्धांच्या हंगामात फळछाटणी येते. छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची, मग फेल फूट काढायची, मग घडांची विरळणी, डिपिंग. मजूर वेळेवर मिळत नाहीत आणि घरचा पोरगा म्हणजे पगार न मागणारा मजूर. सरांनी विचारलं, “सरावाला का आला नाहीस?” आणि तो म्हणाला, “फेल काढत होतो सर,” तर नव्या सरांना वाटतं पोरगा परीक्षेबद्दल बोलतोय. जुने सर फक्त विचारतात, “किती एकर राहिलंय?”

वरून आभाळ आलं की सगळं घर आभाळाकडे बघत बसतं. छाटणीनंतरचा अवकाळी पाऊस म्हणजे वेलीवर डावणी रोग, आणि डावणी म्हणजे रात्री-अपरात्री फवारणी. अशा रात्री ब्लोअरमागे जागलेला पोरगा सकाळच्या एसटीने झोनलला जातो. त्याचा पहिला सामना बघून ‘अपेक्षाभंग’ लिहायची घाई करू नका. अपेक्षा तुमची होती, झोप त्याची होती.

याउलट भाद्रपदात चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी गणपतीचा रथ निघतो तेव्हा कुणीच गैरहजर नसतं. दोर ओढायला सगळा जिमखाना हजर. आमचे एक सर म्हणायचे, ह्या दोरावर विद्यापीठाचा निवड समितीवाला उभा केला असता तर रस्सीखेचीचा संघ तिथल्या तिथे निघाला असता.

पहाटे रस्त्याकडेने पळणाऱ्या पोरापोरींना मात्र फळ्यासाठी पकडू नका. ती भरतीची. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं. त्यांना फळा नको, घड्याळ हवं असतं. खेळातून नोकरीचा दुसरा रस्ताही आहे, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण असतं. म्हणून आपल्याकडच्या आया मुलाचं पदक खिळ्याला अडकवतात, पण प्रमाणपत्र लॅमिनेट करून साडीच्या घडीत ठेवतात. कशाला जास्त किंमत आहे ते त्यांना आपल्यापेक्षा बरं कळतं.

पायरी सातवी: सत्कार

तो तुमच्या हातात नाही. शाल, श्रीफळ आणि गुलाबाचं फूल ठरलेलं असतं. ज्याला खुराकाला दिवसाचं दूध परवडत नाही त्याला आपण नारळ देतो. नव्या धावणीच्या बुटांची मागणी हंगामाआधी गेलेली असते आणि बूट हंगाम संपल्यावर येतात, बहुधा एक नंबर लहान. हे मी एका कॉलेजात बघितलंय. कोणतं ते सांगत नाही, कारण इतरांना वाटेल आपण सुटलो.

कॉलेजने खेळाडूसाठी काय करावं याचं माप आपल्याच भागात ठेवलेलं आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात शिकले. १९५२ साली हेलसिंकीला जायला पैसे पुरेनात, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. पुढे खाशाबांनी कुस्त्यांचे फड भरवून ते घर सोडवून दिलं, असं सांगतात. नवशिक्यांनी प्राचार्यांच्या केबिनमध्ये ही गोष्ट सांगू नये. मी एकदा सांगितली होती. त्या वर्षी फळ्याचा खडूसुद्धा बंद झाला.

शेवटचं

खडू ओला करून लिहा, अक्षर उठून दिसतं आणि लवकर पुसत नाही. नावांचं शुद्धलेखन खेळाडूलाच विचारा. शनिवारच्या आत फळा पुसू नका, कारण पूर्वेकडच्या वाड्यावस्त्यांवरून येणारी पोरं रोज येत नाहीत.

आणि माझी एक थकबाकी आहे. माझ्या तिसऱ्या वर्षी सावळज भागातली एक मुलगी झोनलला १५०० मीटर धावली. छाटणीचा आठवडा होता, सरावाला ती चार दिवस आलीच नव्हती. सहावी आली, म्हणून मी लिहिलं नाही. चौकट त्या सोमवारी एका क्रिकेटवाल्याला मिळाली. वर्ष संपताना जिमखान्याचं कपाट आवरलं तेव्हा सरांच्या वहीत तिच्या वेळा सापडल्या, त्यांनी स्वतःच्या घड्याळाने घेतलेल्या. तोवर तिचं कॉलेज सुटलं होतं.

तुमच्या पहिल्या सोमवारी फळ्याच्या कोपऱ्यात जागा उरली तर ही ओळ तेवढी लिहा, नाव मी समक्ष सांगतो: १५०० मीटर, मुली, सहावी. ५ मिनिटं ३१ सेकंद. महिन्यापूर्वी ५ मिनिटं ४४.